पैजांचे प्रकार: मनीलाइन, हँडिकॅप, ओव्हर-अंडर, पार्ले वगैरे (नवख्यांसाठी)

तिसरा पंच

परवा सामन्याच्या धाग्यावर कोणीतरी पैजांच्या भावांच्या पानाचा स्क्रीनशॉट टाकला आणि विचारलं, "ज्या संघापुढे १.८० लिहिलंय त्याला कमी मार्क दिलेत का?" त्यावर वीसेक प्रतिसाद आले. निम्मे चेष्टेचे, उरलेले चुकीचे. म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगतो, मी पैसे लावत नाही. तीन वर्षं वहीत पैजा लावतोय. म्हणजे भाव लिहायचा, कोणावर किती ते लिहायचं आणि सामना संपला की हिशेब मांडायचा. गणिताची खाज भागते, खिसा शाबूत राहतो. ज्यांना खरोखर लावायचे असतील त्यांनी आपल्या ठिकाणचा कायदा आधी बघावा. कुठे मोकळीक आहे, कुठे परवाना लागतो, कुठे साफ बंदी आहे. ॲप कुठलं, टीप कोणाची, हे प्रश्न इथे नकोत. व्यनितही (व्यक्तिगत निरोपातही) नकोत.

तर भाव. १०० लावले, भाव १.८०, आणि पैज लागली, तर हातात १८० येतात. त्यात तुमचे १०० आलेच, म्हणजे नफा ८०. हे मार्क नाहीत, किंमत आहे. गोष्ट घडण्याची शक्यता जास्त, तर भाव लहान. हाच भाव ब्रिटिश लोक ४/५ असा लिहितात: ५ लावा, नफा ४. अमेरिकेत तो -१२५ होतो: १०० कमवायला १२५ लावा. अमेरिकन भावापुढे अधिक चिन्ह असेल तर वाचायचं उलट. +२५० म्हणजे १०० लावल्यास नफा २५०, आपल्या दशांशात ३.५०. बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते. दशांश ठेवा, डोकं कमी दुखतं.

आता या धाग्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. १ ला भावाने भागा, १०० ने गुणा. बुकीच्या लेखी ती गोष्ट घडण्याची शक्यता किती, ते टक्क्यांत निघतं. फुटबॉलचा एक सामना घ्या. यजमान १.८०, बरोबरी ३.६०, पाहुणे ४.५०. भागाकार केला की ५५.५६, २७.७८ आणि २२.२२ येतात. बेरीज करा: १०५.५६.

तीनपैकी एकच काहीतरी होणार, मग बेरीज १०० यायला हवी. वरचे ५.५६ कुठून आले? ते बुकीचे. दुसऱ्या बाजूने बघा. यजमानांवर ५५.५६, बरोबरीवर २७.७८, पाहुण्यांवर २२.२२ लावले तर निकाल काहीही लागो, हातात बरोबर १०० येतात. खर्च झाले १०५.५६. सामना कोणी जिंको, हा फरक काउंटरपलीकडे जातो. कुठे याला मार्जिन म्हणतात, कुठे व्हिग, कुठे ओव्हरराउंड. पुढे जे प्रकार सांगतोय त्यांत नाव बदलतं, मांडणी बदलते, पण हा वाटा कुठेतरी असतोच. तो कुठे बसलाय हे शोधायचं, एवढंच.

मनीलाइन. कोण जिंकणार, बस. टेनिस, बास्केटबॉल यांत दोनच पर्याय. फुटबॉलमध्ये बरोबरी धरून तीन, त्याला एक-एक्स-दोन म्हणतात. इथे नवखे हमखास एका जागी ठेचकाळतात. फुटबॉलची ही पैज ९० मिनिटं अधिक भरपाईचा वेळ एवढ्यावरच संपते, जादा वेळ धरत नाहीत. २०१४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. जर्मनीने अर्जेंटिनाला १-० हरवलं, पण ग्योट्झेचा गोल ११३ व्या मिनिटाला आला. नव्वद मिनिटांना ०-०. म्हणजे 'सामन्याचा निकाल: जर्मनी' वाले हरले, 'बरोबरी' वाले जिंकले, आणि 'चषक कोण उचलणार: जर्मनी' वालेही जिंकले. एकच सामना, एकच संघ, दोन पैजा, दोन निकाल.

हँडिकॅप किंवा स्प्रेड. एक संघ फारच तगडा असेल तर नुसत्या जिंकण्याला भाव मिळत नाही. मग त्याला कागदावर मागे ढकलतात. -१.५ म्हणजे त्याच्या गोलांतून दीड वजा करायचा, म्हणजेच त्याने किमान दोन गोलांनी जिंकायला हवं. समोरच्याला +१.५: एका गोलाने हरला तरी तुमची पैज लागली. हँडिकॅप पूर्णांकात असेल आणि फरक बरोबर तेवढाच पडला तर पैसे परत. त्याला पुश म्हणतात. अर्धा गोल कोणी मारत नाही, तो अर्धा असतो तो पुश टाळायला.

ओव्हर-अंडर. कोण जिंकतंय याच्याशी देणंघेणं नाही. दोघांचे मिळून गोल, गुण, धावा दिलेल्या आकड्याच्या वर की खाली? २.५ च्या ओव्हरवाल्याला तीन गोल हवेत, मग ते ३-० असोत की २-१. बास्केटबॉलमध्ये साधारणपणे ओव्हरटाइमचे गुण यात धरतात. अंडरवाल्याची पैज शेवटच्या सेकंदाच्या बास्केटने सामना बरोबरीत गेल्यावर कशी फुकट जाते, ते माझ्या वहीत तीन ठिकाणी लाल शाईने लिहिलेलं आहे.

पार्ले, फ्यूचर, प्रॉप यांवर प्रतिसादांत बोलू. हात दुखले.

---

कोरी पाटी

तो स्क्रीनशॉट माझाच होता. :) चेष्टा पोचली.

मार्जिन कळलं, दोनदा वाचावं लागलं. पण त्याच पानावर '-०.७५' असंही होतं. पाऊण गोल कसा वजा करणार?

---

तिसरा पंच

तो एशियन हँडिकॅप. पाऊण गोल वजा करतच नाहीत, तुमची रक्कम दोन पैजांत विभागतात. अर्धी -०.५ वर, अर्धी -१ वर.

भाव १.९०, लावले १००. म्हणजे ५० आणि ५०. तुमचा संघ दोन गोलांनी जिंकला तर दोन्ही लागल्या, १९० हातात. एकाच गोलाने जिंकला तर -०.५ वाली लागली, तिचे ९५. -१ वाली पुश झाली, तिचे ५० जसेच्या तसे. हातात १४५. बरोबरी किंवा हार झाली तर दोन्ही गेल्या.

०.२५, १.२५, १.७५ दिसलं की असंच दोन्हीकडच्या जवळच्या अर्ध्यांत फोडायचं. यात बरोबरी हा तिसरा रकाना राहत नाही, दोनच बाजू उरतात, आणि मोठ्या सामन्यांना मार्जिन बऱ्याचदा एक-एक्स-दोनपेक्षा कमी असतं. दिसायला किचकट असून ग्राहकाला स्वस्त पडणारा हा एकच प्रकार माझ्या बघण्यात आहे. बाकी सगळीकडे किचकट म्हणजे महाग.

'डबल चान्स'ही दिसेल तुम्हाला. यजमान जिंको किंवा बरोबरी होवो. वरच्याच सामन्यात १.८० आणि ३.६० एकत्र केले तर १.२० येतात. हे प्रमाणात दोन पैजा लावण्यासारखंच आहे, नवीन काही मिळत नाही.

---

अर्धा गुण

छान धागा. माझं सदस्यनाम जिथून आलं त्याबद्दल थोडं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये स्प्रेड हाच राजा. त्याचं श्रेय सहसा चार्ल्स मॅकनील या शिकागोच्या बुकींना (आधी गणिताचे मास्तर) देतात, काळ १९४० च्या दशकातला. दोन्ही बाजूंना भाव बहुधा -११०. म्हणजे १०० कमवायला ११० लावायचे. दोन मित्र एकमेकांत ११०-११० लावते तर जिंकणाऱ्याला ११० नफा झाला असता. इथे १०० होतो. यात नुसतं बरोबरीत सुटायचं तरी १०० पैकी ५२.३८ पैजा लागल्या पाहिजेत. नाणं उडवून निवडणाऱ्याच्या ५० लागतात. फरक एवढासा, पण वर्षभर खेळणाऱ्याला तोच नागवतो.

आणि अर्ध्या गुणाची किंमत सगळीकडे सारखी नसते. या खेळात फील्ड गोलचे ३, टचडाउनचे ६ अधिक वरचा १. त्यामुळे सामने ३ आणि ७ च्या फरकाने फार सुटतात. -२.५ आणि -३.५ यांत दिसायला एकच गुण आहे, पण मध्ये ३ बसलाय. -८.५ आणि -९.५ मध्ये तेवढाच फरक, पण तिथे फारसं कोणी बसलेलं नसतं. नवखा दोन्हीकडे 'एकच गुण तर आहे' म्हणतो.

---

शेवटचा चेंडू

क्रिकेटवाले कुठे गेले? मी भर घालतो.

२०१९ चा विश्वचषक अंतिम सामना. दोन्ही संघ २४१, सुपर ओव्हरमध्ये दोन्ही १५, आणि चौकार-षटकारांच्या मोजणीवर, २६ विरुद्ध १७, इंग्लंड जिंकलं. तिसरा पंच यांनी जर्मनीचं जे सांगितलं तेच इथे. सामना विजेता, टाय आणि विश्वविजेता ही तीन वेगळी खाती. सुपर ओव्हर धरायची की नाही हे ज्याच्या-त्याच्या नियमावलीत असतं. पावसाने षटकं कमी झाली तर 'एकूण धावा'च्या पैजा रद्द होतात का, किती षटकं कमी झाली तर, तेही तिथेच. भाव सगळे बघतात, नियम कोणी वाचत नाही.

आता माझी आवडती गोष्ट. हेडिंग्ले, १९८१. इंग्लंडवर फॉलोऑन, आणि फलकावर त्यांच्या विजयाचा भाव झळकला ५००-१. तो काढला होता गॉडफ्रे इव्हान्स यांनी, इंग्लंडचेच माजी यष्टिरक्षक. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने प्रतिस्पर्ध्यांवर १० पौंड लावले, रॉड मार्शने ५. मग बॉथम नाबाद १४९, विलिस ४३ धावांत ८, आणि इंग्लंड १८ धावांनी विजयी. त्या दोघांना मिळून साडेसात हजार पौंड मिळाले. सामना त्यांनी सोडला असं कोणी म्हटलं नाही, पण आज खेळाडूने क्रिकेटवर पैज लावली तर बंदीच येते, आणि ते योग्यच आहे.

---

दे दणादण

एवढं गणित कशाला? पार्ले लावायचा. पाच संघ निवडा, सगळे तगडे, भाव एकमेकांत गुणले जातात, छोट्या रकमेत मोठा हात. आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणाची तरी लागतेच.

---

तिसरा पंच

पार्ले निघालाच आहे तर घ्या. ब्रिटिश याला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. अनेक पैजांची माळ. भावांचा गुणाकार होतो आणि एक मणी तुटला की सगळी माळ गेली. लोक फक्त भावांचा गुणाकार बघतात. तिथे मार्जिनचाही गुणाकार होतो.

अगदी निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या गोष्टी घ्या, प्रत्येकीचा भाव १.९१. खरा भाव २ हवा होता. एकच पैज लावली तर १०० मागे सरासरी साडेचार जातात. चार गुंफल्या तर मिळतो १३.३१, खरा हवा १६. १०० मागे जवळजवळ १७ गेले. दहा गुंफल्या तर मिळतो ६४६, खरा १०२४. १०० मागे ३७! हेच कोणी एका पैजेवर मागितले असते तर तुम्ही काउंटरवरून उठून गेला असतात.

आणि 'सगळे तगडे' म्हणालात. समजा प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता ८० टक्के. पाचही जिंकण्याची ०.८ पाच वेळा गुणून, म्हणजे ३३ टक्के. तीनातून दोनदा माळ तुटणार, आणि बहुतेक वेळा एकाच मण्यापायी. म्हणून 'एकाने घात केला' हे वाक्य तुमच्या ग्रुपवर दर आठवड्याला येत असणार.

ग्रुपवर कोणाची तरी लागते हे खरं असेलच. ग्रुपवर किती जण आहेत?

---

दे दणादण

चाळीसेक. :|

बरं, एकाच सामन्यातल्या गोष्टी गुंफल्या तर? अमका गोल मारणार, त्याचा संघ जिंकणार, ओव्हर २.५. तिन्ही एकमेकांना मदत करतात की.

---

अर्धा गुण

करतात, आणि ते तुमच्याआधी बुकीला ठाऊक असतं. म्हणून एकाच सामन्याच्या पार्लेत सरळ गुणाकार मिळत नाही, ते आपला वेगळा भाव काढून देतात. तीन सुटे भाव गुणून बघा आणि शेजारी दिलेला भाव बघा. लहान दिसेल. तो किती लहान असायला हवा होता हे मात्र तुम्हाला घरबसल्या काढता येत नाही, आणि त्या धुक्यातच त्यांची कमाई आहे.

---

वजाबाकी

माळ तुटू नये म्हणून सिस्टिम पैजा असतात हेही लिहा कोणी तरी. चार निवडींची यांकी म्हणजे अकरा पैजा: दोन-दोनच्या सहा, तीन-तीनच्या चार आणि चौघांची एक. सहा निवडींच्या सगळ्या जोड्या-जुळण्या केल्या तर ५७ पैजा होतात, त्याला हाइन्झ म्हणतात, त्या नावाच्या केचपच्या कंपनीच्या '५७ प्रकार' या जुन्या घोषवाक्यावरून. नाव गमतीदार आहे, पण पैसे ५७ पैजांचे जातात. 'प्रति पैज १०' लिहून बटण दाबलं की खात्यातून ५७० गेलेले असतात. माझ्या एका सहकाऱ्याने हे अनुभवाने शिकून घेतलं. अनुभव तीन सेकंदांचा होता.

---

नालबंद

घोड्यांशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

घोड्यांमध्ये 'ईच वे' नावाची पैज असते. ती एक दिसते, असतात दोन: अर्धे पैसे घोडा पहिला येण्यावर, अर्धे तो ठरलेल्या पहिल्या काहींत येण्यावर. समजा भाव १०/१, पहिल्या तिघांना एक पंचमांश भाव. १० ईच वे म्हणजे खर्च २०. घोडा दुसरा आला. विजयाचे १० गेले. स्थानाचा भाव १०/१ चा पाचवा हिस्सा, म्हणजे २/१, तिथे ३० परत. निव्वळ नफा १०. पहिला आला असता तर ११० अधिक ३०, हातात १४०. घोडे किती धावतायत यावर किती स्थानं मोजायची ते बदलतं. आयत्या वेळी दोन घोडे मागे घेतले तर तुमचं तिसरं स्थान मोजणीतून गायब होऊ शकतं.

दुसरं म्हणजे टोट. यात बुकी तुमच्याविरुद्ध नसतोच. सगळ्यांचे पैसे एका कुंडात, चालवणारा आपला हिस्सा काढून घेतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतो. कुंडात १००० जमले, १५ टक्के कापले, उरले ८५०. जिंकलेल्या घोड्यावर लोकांनी १७० लावलेले. तर १ मागे ५. ही पद्धत पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी १८६० च्या दशकात काढली, आणि हिशेबाचं पहिलं मोठं यंत्र जॉर्ज ज्युलियस यांनी बनवलं, ते १९१३ मध्ये ऑकलंडच्या एलर्स्ली मैदानावर बसलं. नवख्यांसाठी मुद्दा असा की टोटमध्ये लावताना दिसणारा भाव तुमचा नसतो. शर्यत सुटेपर्यंत लोक लावत राहतात आणि तो हलत राहतो. जो भाव बघून तुम्ही भुललात तो बघून बाकीचेही भुलतात, आणि मग तो उरत नाही.

पहिला-दुसरा क्रमाने सांगा, पहिले तीन क्रमाने सांगा, ही सगळी याच कुंडातली पोरं. हिस्सा मात्र तिथे बऱ्याचदा जास्त कापतात.

---

कोरी पाटी

फ्यूचर आणि प्रॉप राहिले.

---

तिसरा पंच

फ्यूचर म्हणजे हंगामाच्या आधी किंवा मध्येच 'स्पर्धा कोण जिंकणार' यावर लावणं. २०१५-१६ च्या हंगामाआधी लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकण्याचा भाव ५०००/१ मिळत होता आणि ते जिंकले, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक जण ऐकवेल. तेव्हा बेरीज करून बघा. वीस संघांचे भाव उलटे करून मिळवलेत तर १०५ वर थांबत नाहीत, बरेच पुढे जातात. प्रत्येक संघावर थोडी-थोडी कंजुषी, गुणिले वीस. शिवाय पैसे नऊ-दहा महिने अडकून.

प्रॉप म्हणजे सामन्याच्या निकालाबाहेरचं काहीही. पहिला गोल कोणाचा, किती कॉर्नर, अमक्याच्या धावा तिसाच्या वर की खाली. १९८६ च्या सुपर बोलमध्ये शिकागो बेअर्सचा विल्यम पेरी टचडाउन करेल का, यावर लास वेगासने भाव काढला. पेरी बचाव फळीतला, टोपणनाव 'रेफ्रिजरेटर', त्यावरून आकार समजून घ्या. लोकांनी हौसेने लावलं आणि पठ्ठ्याने खरंच टचडाउन केलं. कॅसिनोंना फटका बसला, पण अशा पैजांवर लोक तुटून पडतात हेही त्यांना त्याच दिवशी कळलं. दुसरं कळणं जास्त किमतीचं ठरलं.

प्रॉपची काळी बाजू म्हणजे एकट्या माणसाला ठरवून करता येणाऱ्या गोष्टी. २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानी गोलंदाजांनी ठरवून टाकलेले ते नोबॉल आठवा. सामना हरवायला सगळा संघ लागतो, पाय रेषेपुढे टाकायला एक गोलंदाज पुरतो.

---

शंकासुर

लाइव्ह पैजांबद्दल काय? मला वाटतं सामना डोळ्यांसमोर असताना आपल्याला जास्त कळतं.

---

अर्धा गुण

डोळ्यांसमोर नसतो, पडद्यावर असतो, आणि पडदा काही सेकंद मागे असतो. मैदानात पेनल्टी मिळालेली असते, तुमच्याकडे खेळाडू अजून धावतोय. म्हणून बटण दाबल्यावर ते चाक फिरत राहतं. त्या वेळात भाव तुमच्या विरुद्ध गेला तर पैज स्वीकारतात, बाजूने गेला तर 'भाव बदलला आहे' असा निरोप येतो. असं माझ्याशी एका ठिकाणी इतक्यांदा झालं की मी मोजणं सोडून दिलं.

टेनिसचं एक सांगतो. एक सेट आणि ब्रेकने पुढे असलेला माझा खेळाडू, समोरच्याने दुखापतीने सामना सोडला. मी उड्या मारल्या. खातं बघतो तर पैज रद्द, मुद्दल परत. तिथला नियम 'सामना पूर्ण व्हायला हवा' असा होता, दुसरीकडे एक सेट झाला की पुरतं. शेवटचा चेंडू म्हणतात ते खरं आहे, मी नियम वाचले नव्हते.

---

तिसरा पंच

लाइव्हच्या जोडीने येणारं पिवळं बटण म्हणजे कॅश आउट. १०० लावले होते ५.०० ला. संघ पुढे गेला, आता त्याचा भाव १.५०. पैज लागली तर ५०० येणार, तर आजची तिची किंमत ५०० भागिले १.५, म्हणजे ३३३. बटणावर लिहिलेलं असतं ३१० वगैरे. लोक ३१० कडे बघून खूश, कारण मनात १०० शी तुलना चालू असते. पहिल्यांदा लावताना मार्जिन दिलं, आता सोडतानाही देताय.

एक्स्चेंजवर गोष्ट निराळी. तिथे माणूस माणसाविरुद्ध लावतो आणि चालवणारा जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन घेतो. तिथे तुम्ही लावूही शकता आणि खाऊही शकता. खाणं म्हणजे 'हे होणार नाही' या बाजूने उभं राहणं, म्हणजे तुम्हीच बुकी. ४.०० च्या भावाने १०० खाल्लेत तर संघ हरल्यावर १०० मिळतील, जिंकल्यावर ३०० द्यावे लागतील. नवख्यांना १०० दिसतात.

---

शंकासुर

आणि दुप्पट करत जाण्याची पद्धत? हरलो की पुढची दुप्पट, कधीतरी लागणारच.

---

वजाबाकी

१०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. सात हरलात, गेले १२७०. आठवी पैज १२८० ची. ती लागली तर एकूण नफा? १०. समान संधीतही सलग सात हरण्याची शक्यता १२८ त १, आणि रोज खेळणाऱ्याला १२८ लवकर भरतात. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा आला. पंधराव्या काळ्यानंतर 'आता लालच' म्हणून लोक रकमा वाढवत गेले. चेंडूला पंधरा काळे लक्षात नव्हते.

---

आता बास

वाचनमात्र होतो, पण शंकासुर यांचा प्रश्न वाचून लिहितोय. मीही दुप्पटवाला होतो. नंतर दुप्पटही राहिली नाही, रात्री दोन वाजता ज्या देशाचं नाव नीट उच्चारता येत नाही तिथल्या दुसऱ्या दर्जाच्या बास्केटबॉलवर लावत होतो, कारण त्या वेळी तेवढंच चालू होतं. खेळ आवडतो म्हणून सुरू केलं होतं. शेवटी गोल बघताना आनंद व्हायच्या आधी बेरीज व्हायची.

सुटलो ते स्वतःला खात्यातून बंदी घालून घेण्याची सोय वापरून, आणि बँकेचं सगळं बायकोच्या हातात देऊन. पहिलं एका फॉर्मचं काम होतं. दुसऱ्याला चार महिने लागले, कारण आधी सांगावं लागलं. कोणी त्या रात्री दोनच्या टप्प्यावर असेल तर व्यनि करा, मी उत्तर देतो.

---

तिसरा पंच

आता बास, लिहिलंत ते बरं केलंत. मी वर व्यनि नकोत म्हटलं होतं, हा अपवाद.

---

दे दणादण

एक शेवटचं विचारतो. खातं उघडल्यावर १०० फुकट देतात त्याचं काय? ते तरी फुकट ना?

---

वजाबाकी

'दहा वेळा फिरवा' लिहिलेलं असेल खाली. म्हणजे काढून घेण्याआधी १००० च्या पैजा लावायच्या. १०० मागे पाच जातात असं धरलं तर सरासरी ५० गेले. त्यातही किमान भावाची अट, मुदतीची अट. काही ठिकाणी 'फ्री बेट' असते, तिच्यात लागल्यावर नुसता नफा मिळतो, मुद्दल नाही. १०० ची फ्री बेट २.०० ला लागली तर हातात १००, २०० नाही.

---

कोरी पाटी

गृहपाठ केला! आजच्या एका सामन्याचे भाव घेतले. यजमान २.१०, बरोबरी ४.७५, पाहुणे ३.७०. भागाकार: ४७.६२, २१.०५, २७.०३. बेरीज ९५.७०.

शंभरच्या खाली आली. म्हणजे तिन्हींवर लावले तर मलाच मार्जिन मिळतंय? की माझं काही चुकलं?

---

तिसरा पंच

भागाकार बरोबर आहेत. वेगवेगळ्या ठिकाणचे सर्वांत चांगले भाव एकत्र केले तर बेरीज कधीमधी १०० च्या खाली जाते, त्याला आर्बिट्राज म्हणतात, पण ती अर्ध्या टक्क्याची वगैरे असते आणि काही मिनिटं टिकते. एकाच पानावर ९५.७० येत नाही. यजमान २.१० आणि पाहुणे ३.७० असताना बरोबरी सव्वातीनच्या आसपास हवी. ४.७५ कुठल्या रांगेतून उचललात?

---

कोरी पाटी

बघितलं. खालच्या 'हाफटाइम-फुलटाइम' मधली 'बरोबरी-बरोबरी' ची रांग होती. वर बरोबरी ३.३० आहे.

१०४.९५.